पक्क्यांसाठी बांधलेला, कच्च्यांनी भरलेला

मुंबईतला आर्थर रोड तुरुंग ज्या रस्त्यावर आहे त्याचं आजचं नाव साने गुरुजी मार्ग. नाव देणाऱ्यांनी इतका विचार केला होता की नाही कोण जाणे, पण योग जुळून आला आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १८८२ मध्ये, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक केलं होतं. मराठी वाचकाची तुरुंगाशी ओळख झाली ती अशी पुस्तकांतून. त्या पुस्तकांतला तुरुंग कठोर असतो, पण आतल्या माणसाला आपण कशासाठी आत आहोत हे पक्कं ठाऊक असतं, त्याच्या नावाने बाहेर सभा भरतात आणि सुटकेच्या दिवशी दारात हार घेऊन माणसं उभी असतात. आज महाराष्ट्रातल्या साठेक तुरुंगांत रोज संध्याकाळी जी गिनती होते, तिच्यातला माणूस या पुस्तकांत भेटत नाही.

तो भेटतो तो नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या तक्त्यांत. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या सगळ्या तुरुंगांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसं होती ५,७३,२२०. गर्दी आहे हे तर दिसतंच, पण खरा धक्का पुढच्या रकान्यात आहे. यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायबंदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे, बोलीभाषेत कच्चे कैदी. देशातल्या तुरुंगांची जवळजवळ सगळी जागा या कच्च्या कैद्यांनीच व्यापलेली होती. शिक्षा झालेले पक्के कैदी जणू वरचा भार.

महाराष्ट्राची गत याहून वाईट आहे. त्याच दिवशी राज्यात जागा होती २५ हजारांच्या आसपास आणि बंदी होते सुमारे ४१ हजार. त्यातले कच्चे जवळपास ३३ हजार, म्हणजे दर पाचांत चार. खुनी, दरोडेखोर, जन्मठेपवाले असे सगळे शिक्षाबंदी उद्या सकाळी घरी पाठवले, तरी राज्यातले तुरुंग क्षमतेपेक्षा जास्तच भरलेले राहतील. तुरुंगसुधारणेवर बोलणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा. तो न मांडता जेवण, रेडिओ, योगवर्ग आणि सीसीटीव्ही यांच्याविषयी कितीही बोललं तरी ते बोलणं एका पंचमांश माणसांविषयीच होतं.

यंत्रणेची रचना थोडक्यात अशी. खात्याचं नाव कारागृह व सुधारसेवा विभाग, मुख्यालय पुण्याला, प्रमुख अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी. येरवडा, नागपूर, मुंबई, ठाणे, नाशिक रोड, छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल, अमरावती, कोल्हापूरचं कळंबा आणि तळोजा ही नऊ मध्यवर्ती कारागृहं. त्यांच्याखाली जिल्हा कारागृहं, महिलांसाठी भायखळा आणि येरवडा, कोवळ्या वयाच्या गुन्हेगारांसाठी नाशिकची बोर्स्टल शाळा, आणि या सगळ्यांपासून वेगळी अशी खुली कारागृहं. फाशीची सोय दोनच ठिकाणी, येरवडा आणि नागपूर. २०१२ च्या नोव्हेंबरात कसाबला येरवड्यात फाशी झाली, २०१५ च्या जुलैत याकूब मेमनला नागपुरात. वर्तमानपत्रांत तुरुंग पहिल्या पानावर येतो तो बहुतेक अशाच दिवशी.

इमारती जुन्या. येरवड्याचं कारागृह १८७१ चं, आर्थर रोड १९२५-२६ चं. ठाण्याचा तुरुंग तर किल्ल्यातच आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी जिंकलेला, इंग्रजांनी बळकावलेला हा किल्ला. याच किल्ल्यातून १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटला. तेव्हापासून भिंती उंच होत गेल्या, आतली जागा मात्र तेवढीच राहिली. आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बराकीत झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण चाळीस चौरस फूट. आर्थर रोडची मूळ क्षमता ८०० च्या आसपास आणि तिथली संख्या कित्येक वर्षं अडीच-तीन हजारांच्या घरात. भागाकार वाचकानेच करावा. अशा बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगावं लागतं. पन्नाशी ओलांडलेल्या बंद्यांना स्वतःची गादी आणि उशी वापरायला खात्याने अलीकडे परवानगी दिली, तेव्हा तिचं कौतुक झालं. त्या कौतुकातून बाकीचे कशावर झोपतात तेही कळलं.

या गर्दीची परीक्षा २०२० मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात समिती नेमली गेली, मे महिन्यात रजेच्या नियमांत आणीबाणीच्या पॅरोलची भर पडली आणि काही महिन्यांत दहा हजारांहून अधिक बंदी बाहेर आले. पण त्याआधी, मेच्या पहिल्या आठवड्यातच, आर्थर रोडमध्ये ७७ बंदी आणि २६ कर्मचारी करोनाबाधित निघाले होते. बाहेर जग सहा फुटांचं अंतर मोजत होतं आणि आत सहा फुटांत तिघं झोपत होते. मला त्या प्रसंगातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. दहा हजार माणसं सोडली म्हणून राज्यात गुन्ह्यांचा पूर आला नाही. ती माणसं आत असायलाच हवी होती का, हा प्रश्न तेव्हा उघड्यावर आला होता. साथ ओसरली तसा तोही मागे पडला आणि तुरुंग पुन्हा भरले.

आता विसंगतीकडे येऊ. तुरुंगाचा पाया घालणारा कायदा १८९४ चा. त्यात तुरुंगातल्या गुन्ह्यांना शिक्षा म्हणून फटक्यांची तरतूद होती, म्हणजे जुनेपणाची कल्पना यावी. त्या कायद्यावर तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५९ चे संचित रजा व अभिवचन रजेचे नियम आणि पुढे महाराष्ट्राने कारागृह नियमावली चढवली. या सगळ्याचा रोख शिक्षा झालेल्या माणसावर आहे. शिक्षाबंदीला काम मिळतं, कामाची मजुरी मिळते, चांगल्या वर्तनाबद्दल माफीचे दिवस मिळतात, ठरावीक काळाने संचित रजा म्हणजे फर्लो मिळते, घरी कोणी गंभीर आजारी असेल तर अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मिळतो, आणि नशीब चांगलं असेल तर खुलं कारागृह. न्यायबंदीला यातलं जवळपास काहीच नाही. कायद्याच्या नजरेत तो निर्दोष आहे, म्हणून त्याच्यावर कामाची सक्ती नाही. त्याला सुधारायचं कारण नाही, म्हणून सुधारणेच्या योजनाही त्याच्यासाठी नाहीत. त्याला माफी नाही, कारण माफ करायला शिक्षाच नाही. तर्काने बरोबर, आणि म्हणूनच भयंकर. निर्दोष मानलेला माणूस दोषी ठरलेल्यापेक्षा रिकामा बसतो, आणि आपण कधी सुटणार हे दोषी ठरलेल्याला जितपत ठाऊक असतं तितपतही त्याला ठाऊक नसतं.

याचा एक परिणाम किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायालयांत नेहमी दिसतो. चोरीच्या आरोपात सहा-आठ महिने काढलेला माणूस न्यायाधीशांपुढे हात जोडतो आणि गुन्हा कबूल करतो. शिक्षा होते ती भोगलेल्या दिवसांइतकी, आणि संध्याकाळी तो बाहेर पडतो. त्याने चोरी केली होती की नाही हे कोणी तपासलंच नाही. कच्चा राहून सुटता येत नव्हतं, म्हणून तो पक्का होऊन सुटला. पुढच्या वेळी आसपास चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात, कारण आता त्याच्या नावावर शिक्षेची नोंद आहे.

पक्क्यांच्या बाजूला मात्र महाराष्ट्राने खरोखर अभिमान वाटावा असं काम केलेलं आहे, आणि ते मान्य करायला हात आखडता घेऊ नये. आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार सोपवायचा प्रयोग १९३९ च्या सुमारास केला. पोलंडहून आलेला, भारतानंद नाव घेतलेला मॉरिस फ्रीडमन हा इंजिनिअर त्या काळात औंधात होता आणि खुल्या तुरुंगाच्या कल्पनेशी त्याचं नाव जोडलं जातं. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं भिंत नसलेल्या जागी ठेवायची, त्यांना जमीन द्यायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं आणि ती पळणार नाहीत यावर विश्वास ठेवायचा, असा हा बेत. संस्थान गेलं, वसाहत राहिली.

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) याच प्रयोगावरून सुचलेला. पटकथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळ हे गाव आटपाडी तालुक्यातलंच, म्हणजे लेखकाला ही कथा घराशेजारची. चित्रपटाला बर्लिनमध्ये पारितोषिक मिळालं, गाणी घरोघर पोचली, आणि सहा खुनी कैद्यांना शेतीला लावणारा तो जेलर सगळ्यांच्या लक्षात राहिला. खुद्द स्वतंत्रपूरला किती माणसं राहू शकतात हे मात्र कोणी विचारलं नाही. तिथली क्षमता अगदीच थोडी आहे, एका बराकीचीही भरायची नाही.

पुढे खुली कारागृहं वाढली. पैठणचं जायकवाडीजवळचं, विसापूरचं, मोर्शीचं, येरवड्याच्या आवाराला लागून असलेलं. सकाळी बंदी शेतावर जातात, संध्याकाळी परत येतात, पहारा नावापुरता. माफीचे दिवस बंद तुरुंगापेक्षा जास्त मिळतात. सरकारच्या बाजूने पाहिलं तरी खर्च कमी, कारण भिंत नाही आणि शिपाईही थोडे. पळून जाणारे निघतात, पण विरळा. मग सगळेच तुरुंग असे का नाहीत, असं कोणीही विचारेल. उत्तर पुन्हा तेच. खुलं कारागृह फक्त शिक्षाबंदीला, तेही शिक्षेचा ठरावीक भाग भोगल्यावर आणि वर्तन तपासून. गर्दी आहे ती न्यायबंद्यांची. आपल्याकडचा उत्तम उपाय आपल्याकडच्या मोठ्या दुखण्याला लागूच पडत नाही.

तुरुंगातल्या कारखान्यांचंही तसंच. येरवड्यात हातमाग, सुतारकाम, लोहारकाम चालतं. कळंब्याच्या बंद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईच्या भक्तांनी प्रसाद म्हणून खाल्ले आहेत, आणि ते कोणी वळले म्हणून कोणाच्या भक्तीत फरक पडल्याचं ऐकिवात नाही. मजुरी मात्र अजून लाजिरवाणी आहे. कैद्याच्या श्रमाचं वाजवी मोल द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं. तरी अकुशल कामाचा दर दिवसाला शंभर रुपयांच्या खालीच रेंगाळतो आहे. या मजुरीच्या भरवशावर राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ पासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, तारण काही नाही. मुलीच्या फीसाठी किंवा घराच्या पत्र्यासाठी आतल्या बापाने पैसे पाठवायचे, अशी कल्पना. मला ही योजना फार आवडते, कारण तिने कैद्याला कर्ता माणूस मानलं. न्यायबंदीच्या घरचा पत्रा मात्र तिच्यात बसत नाही.

जन्मठेपेचा प्रश्न वेगळ्या लेखाचा, तरी दोन गोष्टी सांगून पुढे जातो. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ही समजूत आजही घट्ट आहे. गोपाळ गोडसे यांनी माफीचे दिवस धरून सुटका मागितली, तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने माफी दिली तरच सुटका. चौदा वर्षं ही माफीचा विचार सुरू व्हायची किमान मर्यादा, तीही १९७८ च्या दुरुस्तीने आली. माफी कोणत्या सरकारने द्यायची यावरूनही वाद होतात. बिल्किस बानो खटला गुजरातमधल्या गुन्ह्याचा, पण चालला मुंबईत. त्यातल्या अकरा जणांना गुजरातने सोडलं. तो अधिकार महाराष्ट्राचा होता, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. रजेचंही असंच. एका गाजलेल्या खून खटल्यातला कैदी रजेवर गेला तो परतला नाही, आणि २०१६ मध्ये नियम सगळ्यांसाठीच आवळले गेले. एक पळाला की हजार जणांची रजा अडते. वेळेवर परत येणाऱ्या हजारांची मात्र बातमी होत नाही.

तुरुंगात माणसाचे कोणते हक्क शिल्लक राहतात, या प्रश्नाच्या देशभरातल्या उत्तरात मराठीचा एक लहानसा पण देखणा वाटा आहे. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छपाईसाठी घरी पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाही म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ च्या सप्टेंबरात निकाल लागला: नियमात बंदी नाही ते अडवता येणार नाही, पुस्तक बाहेर जाऊ द्या. देशाच्या सुरक्षेला अणूवरच्या मराठी पुस्तकाने काय धोका होता, हे सरकारला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

दुसरा मोठा निकाल मुंबईच्या बायकांमुळे आला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. १९८३ च्या त्या निकालातून स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, चौकशीच्या वेळी स्त्री पोलीस आणि अटकेची माहिती ताबडतोब विधी साहाय्य समितीला, असे नियम आले. कागदावर सुंदर. मग २०१७ चा जून आठवतो. भायखळ्याच्या महिला कारागृहात वॉर्डर म्हणून काम करणाऱ्या एका शिक्षाबंदी बाईने नाश्त्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी आल्याची तक्रार केली. त्यावरून तिला मारहाण झाली आणि ती मेली, असा आरोप झाला. तुरुंगातल्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला भरला गेला. बायकांनी आत दंगा केला, तर त्यांच्यावरही गुन्हे दाखल झाले.

बायकांचा तुरुंग एरवीही एकाकी. पुरुष आत गेला की बायको, आई, बहीण मुलाकातीच्या रांगेत उभी राहते. बाई आत गेली की भेटीला येणारं माणूस लवकर कमी होतं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं, मग त्याला बाहेर पाठवावं लागतं, आणि बाहेर कोणाकडे पाठवायचं हेच आईला ठाऊक नसतं. येरवड्याच्या फाशी यार्डात राहिलेल्या वकील सुधा भारद्वाज यांनी अशा शेजारणींची टिपणं पुस्तकरूपाने आणली आहेत. पूर्वी राजबंदी स्वतःवर आणि देशावर लिहीत. इथे लिहिणारीचं लक्ष शेजारणीवर आहे, आणि मला हा बदल मोलाचा वाटतो.

आता बाहेर, न्यायालयाच्या आवारात येऊ. तुरुंगाच्या गर्दीची किल्ली तिथे आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात एका नामवंत नटाच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. वकिलांची फौज होती, जामीनदार म्हणून नावाजलेली अभिनेत्री उभी होती. तरी तो दोन रात्री आतच राहिला, कारण दुसऱ्या दिवशी आर्थर रोडबाहेरच्या जामीन पेटीत कागद वेळेवर पडले नाहीत. ही पेटी ठरावीक वेळी उघडतात. ज्याच्यासाठी सगळं मुंबई शहर जागं होतं त्याला दोन रात्री लागल्या, तर परभणीहून कामाला आलेल्या हमालाला किती लागतील?

हमालाला आधी जामीनदार हवा. जामीनदाराला रेशन कार्ड हवं, घराची पावती हवी, बऱ्याचदा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हवा. मुंबईत खोली भाड्याची, गावी जमीन नाही, ओळखीचे सगळे त्याच्यासारखेच. न्यायालयाच्या पायरीवर भाड्याचे जामीनदार मिळतात, त्यांचा दर ज्याला परवडतो तो सुटतो. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार जामीन मंजूर होऊनही देशात सुमारे पाच हजार माणसं आतच होती. न्यायालयाने मग सांगितलं की आदेशाची प्रत ईमेलने थेट तुरुंगात जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीन भरता आला नाही तर अटी सैल करायचा विचार व्हावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना काढली. नियमांची वाण नाही.

तारखेचंही असंच. न्यायालयात न्यायला पोलीस पार्टी लागते. बंदोबस्त निघाला, सण आला, कोणी मंत्री आला की पार्टी मिळत नाही आणि तारीख हुकते. व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, हजेरी लागते. पण पडद्यावर दोन मिनिटं दिसलेल्या माणसाला वकिलाशी बोलता येत नाही, न्यायाधीशाला आपली सूज दाखवता येत नाही. त्यात मोक्का, अमली पदार्थांचा कायदा, यूएपीए यांच्यात जामीन हा अपवादच. मोक्का तर महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतः केला, आणि मुंबईच्या टोळ्यांसाठी केलेला तो कायदा पुढे कुठेकुठे लागू झाला याचा हिशेब वेगळाच. वय आणि आजारही या कायद्यांपुढे फार चालत नाहीत. तळोज्यात ठेवलेले, कंपवाताने पेला धरता न येणारे ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या इस्पितळात न्यायबंदी म्हणूनच वारले. खटला सुरूही झाला नव्हता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायबंदीला सोडावं, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळानंतरच. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. न्यायालयाकडे अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे, हे या कलमातलं चांगलं. पण त्याच कलमात एक पोटकलम आहे: ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू आहेत त्याला ही सवलत नाही. तुरुंगात वर्षानुवर्षं कुजणारा किरकोळ चोर कोण असतो? ज्याच्यावर एकच खटला आहे असा क्वचितच.

इथे पारधी, कैकाडी, पाथरूट यांच्या वस्त्यांवर यावं लागतं. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, माणसं विमुक्त झाली, पण पोलीस ठाण्याच्या वहीतून मुक्त झाली नाहीत. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; त्या समाजातल्या पोरांना उचलून नेणं त्यानंतरही थांबलं नाही. परिसरात घरफोडी झाली की संशयित ठरलेले, एकावर पाच-पाच गुन्हे दाखल, पाच तालुक्यांच्या न्यायालयांत पाच तारखा, पाच जामीनदार. त्यांना कलम ४७९ चा उपयोग शून्य. दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचं तुरुंगातलं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून जास्त आहे, हे ब्यूरोचे तक्ते दरवर्षी सांगतात. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतली जातवार कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. विमुक्तांना जन्मजात सराईत समजणारी भाषाही गेली. इतकी वर्षं ती कोणाला खुपली नव्हती, हे विशेष.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्याने १८९४ च्या कायद्याच्या जागी आपला नवा कारागृह व सुधारसेवा कायदा आणला. तुरुंगांची नवी वर्गवारी, बंद्यांच्या कल्याणाच्या तरतुदी, मोबाइल आत नेणाऱ्यांना जबर शिक्षा असं त्यात आहे. नवे तुरुंग बांधायच्या घोषणाही होत असतात. त्या बांधकामांना विरोध करायचं कारण नाही. माणसाला पाय पसरायला जागा मिळाली तर मिळू दे. तळोज्याचा तुरुंगही मुंबईवरचा भार हलका करायला २००८ मध्ये सुरू झाला होता, तोही भरला. येरवड्यात २०२१ च्या प्रजासत्ताकदिनापासून तुरुंग पर्यटन सुरू झालं. जिथे १९३२ चा पुणे करार झाला तो भाग, टिळकांची आणि गांधीजींची जागा शाळेची मुलं पाहून येतात. पलीकडच्या बराकीत कोण, कधीपासून आणि किती रुपयांच्या जामिनासाठी बसून आहे, हे त्या सहलीत नसतं.

पण ती माहिती गुप्तही नाही. प्रत्येक अधीक्षकाकडे ती यादी असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे सात दिवस उलटलेल्यांची नावं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायलाच हवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’चे कार्यकर्ते १९९० पासून अशा याद्या हातात घेऊन जामीनदार शोधत फिरत आले आहेत. खात्याने दर महिन्याच्या एक तारखेला, नावं झाकून, एवढंच जाहीर करावं: या तुरुंगात जामीन मंजूर असूनही आत असलेले इतके, त्यांतले पंचवीस हजारांखालच्या जामिनासाठी अडलेले इतके, पोलीस पार्टी न मिळाल्याने गेल्या महिन्यात हुकलेल्या तारखा इतक्या, आणि कलम ४७९ खाली अधीक्षकांनी केलेले अर्ज इतके. चार आकडे, साठ तुरुंग, एका पानावर मावतील.